रावसाहेबांच्या स्वयंपाकघरातली दुभाषी

बारमनवर विश्वास ठेवणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. गवळ्यावर लोक विश्वास ठेवतात, सोनारावर ठेवतात, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसावरसुद्धा ठेवतात. पण ज्याच्या हातात बाटली, त्याच्या खिशात दुसरी बाटली असणारच, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. बेळगावच्या कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात मी उभी हयात बारच्या मागं काढली. तेवढ्या काळात माझ्या हाताकडं जितक्या लोकांनी टक लावून बघितलं, तितकं कुणी नटीच्या चेहऱ्याकडंही बघितलं नसेल.

त्यात मी स्वतः घेत नाही. हे वाक्य बारमननं उच्चारलं की ऐकणारा हसतो, म्हणून मी ते सांगणंच सोडून दिलं. जिभेवर घ्यायचं, चव बघायची आणि थुंकायचं, एवढाच माझा संबंध. बाकी सगळं काम नाकावर. माझं नाक असं होतं, की गोव्यात कुणी फेणीचं बूच काढलं तर मला बेळगावात शिंक यायची. यात थोडी अतिशयोक्ती आहे हे मान्य. वारा पश्चिमेचा असावा लागे. एवढं असूनही माझ्या बायकोनं रोज माझ्या तोंडाचा वास घेऊनच मला उंबऱ्याच्या आत घेतलं. तिचं म्हणणं, ‘तुमच्या नाकावर तुमचा भरवसा असंल, माझा माझ्या नाकावर हाय.’

क्लबापेक्षा घरगुती पार्ट्यांत संशय जास्त. सत्तर-ऐंशीच्या दशकात टिळकवाडीत, कॅम्पात, कधी थेट निपाणीला, मोठ्या घरांत पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. मी पोचायच्या आत बाटल्यांवर खुणा झालेल्या असत. कुणी लेबलावर पेन्सिलीची रेघ मारी, कुणी कुंकवाचं बोट लावी. एक वकील लई हुशार. ते बाटली उलटी धरून खूण करायचे, म्हणजे सुलटी बाटली बघणाऱ्याला रेघेचा अर्थच लागू नये. दुसऱ्या पार्टीला ते स्वतःच विसरले आणि अर्धी बाटली गेली म्हणून माझ्या अंगावर आले. मी बाटली उलटी केली. वकीलसाहेबांनी ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलला. एका डॉक्टरीणबाईंनी तर बाटली तान्ह्या बाळांच्या तागडीत घालून वजन केलं होतं. परत जाताना मी विचारलं, ‘बाळ-बाळंतीण खुशाल?’ त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. एका गोष्टीची मात्र रुखरुख राहिली. इतक्या घरांत गेलो, ‘किती ओतलं?’ हे सगळ्यांनी विचारलं. ‘कशात काय घातलं, चव कशानं आली?’ हे विचारणारं भेटलंच नाही.

लग्नसराई आली की आणखी एक धंदा माझ्या गळ्यात पडे. तो म्हणजे चौकशी. मुलीचे बाप क्लबाच्या मागच्या दारानं यायचे आणि हळूच विचारायचे, ‘अमक्याचा मुलगा येतो का हो इथं?’ गाव मुलाची शेती बघतं, नोकरी बघतं, पत्रिका बघतं. आणि शेवटी, सगळं जमलं की, कुणी तरी सुचवतं, बारमनला विचारा. मी कुणाचं नाव सांगत नसे. नाही म्हटलं तरी त्यांना वाटे, मुलाकडनं काही तरी घेतलंय यानं.

असेच एकदा निपाणीचे रावसाहेब आले. तंबाखूचे मोठे व्यापारी. तंबाखूचं पान नुसतं चुरगाळून, त्यात शेतकऱ्यानं वजन वाढवायला किती पाणी मारलंय ते सांगणारा माणूस. दिवसभर तेच काम केल्यामुळं त्यांना जगातली प्रत्येक वस्तू ओली वाटायची. मला पहिली शंका आली ती त्यांच्या येण्याचीच. आमच्या क्लबाचं मागचं दार लाकडाच्या वखारीच्या आडून आहे. नव्या माणसाला ते विचारल्याशिवाय सापडत नाही, आणि तिथनं गुपचूप बाटली नेणाऱ्यांची गाठ पोऱ्याशी पडते, माझ्याशी नाही. रावसाहेब सरळ आत आले. मी मनात टिपून ठेवलं.

त्यांची मुलगी सुमन. तिला खानापूरकडच्या शेतकरी घरातला वसंता नावाचा मुलगा सांगून आला होता. बेळगावजवळ मच्छे गावाच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी, घरातला पहिला पगारदार. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, देणंघेणं मिटलेलं, फक्त सुपारी फुटायची राहिलेली. आणि रावसाहेबांच्या कानावर आलं, की मुलगा बेळगावात एका बारच्या माडीवर खोली घेऊन राहतो.

‘दत्तोबा, पोरगं पितंय का न्हाय, एवढं सांगा.’

‘आमच्या क्लबात येत न्हाईत ते.’

‘तुमच्यात कशाला येतंय? जिना उतरला की बार हाय.’

‘खोली स्वस्त मिळाली असंल, रावसाहेब.’

‘त्यानंबी हेच सांगितलं. दोघांचं एकच उत्तर आलं, तिथंच मला संशय आला.’

मग त्यांनी बेत सांगितला. रविवारी दुपारी मुलाला आणि त्याच्या मामाला जेवायला बोलावलंय. जेवणाआधी मी काही तरी साहेबी करायचं, ज्याचं नावही मुलानं ऐकलेलं नसेल. सासराच आग्रह करतोय म्हटल्यावर तो घेईल. मी त्याचा हात, घोट, डोळे बघायचे आणि निकाल द्यायचा.

‘आणि तुमी?’

‘आमच्या घराण्यात कुणी शिवलं न्हाय. मला पाणी द्या. पण ग्लास तसलाच. त्याला वाटलं पायजे, सासराबी घेतोय.’

त्यांनी न्यायाधीशाच्या खुर्चीत मला बसवलं होतं. सुमनची सुपारी माझ्या ग्लासावर अडकली. नाही म्हणावं तर ते दुसऱ्या कुणाला तरी धरून आणणार आणि तो काय करील देव जाणे. मी हो म्हटलं.

मी जे करायचं ठरवलं, त्याला मी ‘दुभाषी’ म्हणतो. साहेबी नाव वेगळं आहे, ते आमच्या जिभेला वळत नव्हतं. बेळगावात कशा दोन भाषा एका गल्लीत नांदतात, भांडतात आणि संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात, तशा या ग्लासात जिन आणि व्होडका नांदतात. न घेणाऱ्यांसाठी सांगतो. व्होडकाला रंग नाही, वास नाही, नुसती धग. जिनलाही रंग नाही, पण तिला एका डोंगरी झुडपाच्या मिरीएवढ्या फळांचा वास असतो. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, खोकल्याचं औषध दिलं. जिनची तीन मापं, व्होडकाचं एक. त्यात अर्धं माप एक परदेशी पांढरी वाइन घालायची असते, संत्र्याच्या सालीची आणि जराशी कडवट. ती बेळगावात कुठली मिळायला? मी गोव्याची पांढरी वाइन घेऊन तिच्यात मोसंबीची साल आणि कडू काडेचिराइताची एक काडी भिजत घालायचो. क्लबातला एक म्हातारा कर्नल ती चव बघून म्हणाला होता, की त्याला आपली तरुणपणची विलायत आठवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काडी जरा जास्त झाली असणार.

हे सगळं भरपूर बर्फ घालून घट्ट झाकणाच्या भांड्यात हलवायचं, भांडं हाताला चिकटेपर्यंत. मग गाळून, वाटीखाली उंच दांडी असते तसल्या ग्लासात ओतायचं आणि लिंबाची पातळ साल वर पिळून आत सोडायची. दिसायला निव्वळ पाणी. पाणी तसंच बर्फात हलवून तशाच ग्लासात तशीच साल टाकली, तर तुमचा बापही फरक सांगू शकणार नाही. पण हे सरबत नव्हे. नवख्या माणसानं मोठा घोट घेतला तर त्याला पूर्वज दिसतात.

रविवारी मी दांडीचे सहा ग्लास टॉवेलात गुंडाळून आणि चिराइताच्या वाइनची शिशी घेऊन निपाणीला पोचलो. रावसाहेबांच्या मंडळींना सगळे वैनी म्हणत. त्यांनी मला स्वयंपाकघराचा एक कोपरा दिला आणि माझ्यापासून चांदीची भांडी दूर नेली. घरी हलवायला काय मिळणार? कडीचा स्टीलचा डबा. झाकण घट्ट, पण उघडल्याबरोबर हिंगाचा भपका. घरगुती कामातली ही खरी अडचण. मराठी घरातल्या प्रत्येक डब्याचा एक इतिहास असतो. मी तो राखेनं घासला, लिंबानं घासला, पुन्हा राखेनं घासला. शेवटी माझ्या नाकानं होकार दिला.

रावसाहेब बाटल्या घेऊन आले. झाकण फिरवण्याआधी त्यांनी बाटली आडवी धरली आणि बुडाला तळहाताची एक थाप मारली. अगदी सहज, डुलकी लागलेल्या माणसाला जागं करावं तशी. ही थाप मी रोज बघत आलो. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, आणि ज्या घराण्यात कुणी शिवलेलं नाही, तिथं तर मुळीच नाही. मी बाटलीकडं बघितलं. रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग ते घाईनं पाहुण्यांकडं गेले.

मी बर्फ फोडत होतो तोवर मुलाचे मामा पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले. डोक्याला पटका, बोलणं कुजबुजीत, पण ती कुजबुज परसातल्या म्हशीलाही ऐकू जावी.

‘पावनं, आमच्या पोराला साधं पाणी द्या. ग्लास हातात दिसला म्हंजे झालं.’

‘का हो?’

‘घेतलं तर रावसाहेब म्हणणार, बेवडं हाय. न्हाय घेतलं तर म्हणणार, लबाड हाय. दोन्हीकडनं पोरगं मेलं की.’

मामा गेले आणि वैनी आल्या.

‘दत्तोबा, दोघांनाबी पाणी द्या. माझ्या सोप्यावर असलं काय नको.’

‘रावसाहेबांनी सांगितलंय—’

‘त्यास्नी काय कळतंय. त्यास्नी जो त्यो ओलाच दिसतोय.’ जाता जाता त्या थांबल्या. ‘आणि त्यो माझा हिंगाचा डबा हाय. न्हेऊ नका.’

शेवटी सुमन आली. तिनं मागचं दार आधी लोटून घेतलं.

‘काका, दोघांनाबी खरंच द्या.’

‘वडिलांनापण?’

‘आप्पा म्हैन्यातनं एकदा बेळगावला कोर्टाच्या तारखेला जातात. केसचा निकाल लागून दोन वर्सं झाली.’

‘आणि वसंता?’

‘मला काय ठावं? चांगला वाटतोय. पर माडीचं ऐकल्यापासनं झोप न्हाय. संसार मला करायचाय, काका. आताच कळू दे. नंतर कळून काय करू?’

चार माणसं, चार हुकूम, आणि दिसायला सगळे ग्लास सारखेच. बारमनचा नियम असा, की ज्यानं मागितलं त्याला ते द्यायचं. इथं ग्लास एकाच्या हातात जाणार होता आणि मागणी दुसऱ्याची होती. मी चौघांचे हुकूम मनात एकमेकांशेजारी ठेवले. बापाला मुलाला पकडायचं होतं, मामाला वाचवायचं होतं, वैनींना दोन्ही टाळायचं होतं. खरं काय ते कळावं, असं फक्त पोरीला वाटत होतं, आणि ते कळण्याची किंमतही तीच मोजणार होती. मी डब्यात जिन ओतली, व्होडका ओतली, चिराइताची वाइन ओतली आणि डबा असा हलवला, की शेजारच्या घरात कुणी तरी विचारलं, गिरणी कधी बसवली?

बाहेर बैठकीच्या सोप्यावर रावसाहेब खुर्चीत, समोर वसंता आणि मामा. वैनी चौकटीला टेकून उभ्या, त्यांच्या मागं सुमन. मामांनी कोकमचं सरबत मागून घेतलं होतं. मी दोन ग्लास ठेवले. वसंतानं आपला ग्लास उचलला, आणि दांडीला धरून उचलला.

नवखा माणूस असला ग्लास चहाच्या कपासारखा पोटाला धरतो. दांडीला धरणारा एक तर साहेब किंवा सराईत. रावसाहेबांनीही ते बघितलं. त्यांच्या मिशीचा एक कोपरा वर गेला. सुमनकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

‘घ्या की पावनं. लाजताय काय? हे बघा, मीबी घेतोय,’ असं म्हणत रावसाहेबांनी ग्लास तोंडाला लावला आणि उन्हातनं आलेला माणूस गार पाणी पितो तसा एका दमात निम्मा केला.

तिथं त्यांना कळलं. ग्लास ओठालाच राहिला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर खुर्चीसकट मागं गेला असता. रावसाहेबांची पापणी हलली नाही. त्यांनी राहिलेला निम्माही शांतपणे खाली उतरवला, ग्लास ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघत होतो. चांगला पंखा होता.

तेवढ्यात वसंतानं घोट घेतला. ठसका लागला म्हणणं म्हणजे कमी सांगणं. निम्मं शर्टावर गेलं, निम्मं नाकातून आलं, डोळे लाल झाले, कानसुद्धा लाल झाले. ग्लास मात्र त्यानं पडू दिला नाही. मामा त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, आणि मारता मारता त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘अरं, पाण्यानं एवढा ठसका?’

सगळ्यांच्या माना मामांकडं वळल्या.

‘पाणी?’ वैनी म्हणाल्या. त्या पुढं आल्या. त्यांनी वसंताचा ग्लास उचलून वास घेतला. मग नवऱ्याचा रिकामा ग्लास उचलून वास घेतला. दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवले.

‘तुमच्यात काय हुतं?’

‘पाणी,’ रावसाहेब म्हणाले.

‘गार हुतं?’

‘लई गार.’

‘दत्तोबा, ह्यास्नी आणखी एक पाणी द्या. त्याच डब्यातलं.’

मी आणलं. आता जे झालं, ते मी क्लबात कधी बघितलं नाही. रावसाहेब ठसकले तर मघाचं पाणी पाणी नव्हतं हे कबूल होत होतं, आणि नाही ठसकले तर त्याहून मोठं काही तरी कबूल होत होतं. त्यांनी मुलासाठी खणलेल्या खड्ड्याची खोली ते स्वतः उभे राहून बघत होते. वैनी हाताची घडी घालून समोर. मामा सरबत विसरलेले. रावसाहेबांनी ग्लास घेतला आणि पाण्यासारखाच प्यायले. घशाचा आवाजसुद्धा आला नाही.

वैनींनी मान हलवली. त्यांचा आवाज जराही चढला नाही. ‘वीस वर्सं माझं नाक मला सांगत हुतं. सुमन, गूळ-खोबरं आण. सुपारी आजच फोडायची.’

‘अगं, पण त्यानं दांडीला—’ रावसाहेब म्हणाले.

‘कसली दांडी?’

रावसाहेबांनी विषय तिथंच सोडला. दांडीला धरायचं असतं हे तुम्हाला कसं माहीत, हा पुढचा प्रश्न त्यांना दिसला असणार.

दांडीचा उलगडा जेवताना झाला. मीच वसंताला विचारलं. तो कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत काम करत होता. तिथं काचेचं भांडं मानेला धरायची शिस्त, कारण हाताच्या उबेनं आतलं माप बदलतं. माडीवरच्या खोलीचं विचारलं, तर म्हणाला, ‘खालचा गोंगाट असतोय, म्हणून कोण ती खोली घेत न्हाय. निम्म्या भाड्यात मिळाली.’ हे मीच रावसाहेबांना आधी सांगितलं होतं, पण त्या दिवशी ते आठवण करून द्यायची वेळ नव्हती. सुमन वाढत होती. तिनं वसंताला आमरस दोनदा वाढला आणि मला तीनदा. लग्न त्याच मोसमात झालं. त्याआधी वैनींनी मुलाला ती खोली सोडायला लावली, एवढा संशय त्यांनीही शिल्लक ठेवला.

जेवणं झाल्यावर मी ग्लास गुंडाळले, डबा घासून जाग्यावर ठेवला आणि निघालो. रावसाहेब म्हणाले, स्टँडपर्यंत येतो. दोन दुभाषी पोटात असताना निपाणीच्या त्या उन्हात ते असे सरळ चालत होते, की त्यांच्या मागं दोरी धरून कुणी रस्ता आखला असता. तंबाखूच्या वखारीवरचे हमाल उठून रामराम करत होते. रावसाहेब प्रत्येकाला नावानं विचारत होते.

स्टँडवर बेळगावची गाडी लागली नव्हती. आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, आता शिव्या येणार. मी उत्तरं तयार ठेवली.

‘दत्तोबा, एक खरं सांगा. पोराचा ठसका खरा हुता का?’

‘खरा हुता.’

‘कशावरनं? पोरीनं त्याला आधीच सांगून ठेवलं असंल तर? मामाबी लई बिलंदर दिसतोय.’

‘नाकातनं आलं हुतं, रावसाहेब. ठसक्याचं नाटक करता येतं. नाकातनं आणायचं नाटक मी तरी अजून बघितलं न्हाय.’

त्यांनी त्यावर विचार केला. तंबाखूचं पान चुरगाळावं तसा बोटांनी धोतराचा सोगा चुरगाळला. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. पोरगी चांगल्या घरी चालली होती. मग चेहरा पुन्हा उतरला.

‘आणि माझं?’

‘तुमच्या नाकातनं काय आलं न्हाय.’

गाडी लागली. मी टॉवेलातले ग्लास सांभाळत चढलो आणि खिडकीत बसलो. रावसाहेब खाली उभे होते. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, कुणी ओळखीचं नाही याची खात्री केली, आणि खिडकीच्या गजाला धरून हळू आवाजात विचारलं,

‘शिकता येतंय का हो ते? नाकातनं आणायचं?’